खुलासा: मुंगीच्या त्या फोटोतले लाल ‘डोळे’ डोळे नाहीत

‘मुंगीचे आग ओकणारे डोळे, पहिलं बक्षीस मिळालेला फोटो’ असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो गटावर टाकला होता. त्यात दोन चुका आहेत.

फोटो खरा आहे. लिथुआनियाच्या युजेनियस कावालियाउस्कास यांनी तो पाचपट वाढवणाऱ्या भिंगातून काढला. २०२२च्या निकॉन स्मॉल वर्ल्ड या सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोंच्या स्पर्धेत त्याची विशेष उल्लेखनीय चित्रांत निवड झाली. पहिलं बक्षीस मात्र गेकोच्या (पालीच्या एका प्रकाराच्या) भ्रूणाच्या पंजाच्या चित्राला मिळालं.

आणि ते लाल ठिपके म्हणजे मिशांची मुळं, मिशा डोक्याला जोडलेल्या असतात ती जागा. खरे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. काल अंगणातला मुंगळा मोबाइलला भिंग लावून पाहिला: मिशा सारख्या हलत होत्या आणि त्या फिरत होत्या नेमक्या त्याच दोन खळग्यांतून. डोळे दोन्ही कडांना, काळे, बारीक.

माझी आधीची पोस्ट काढली आहे. ज्यांनी ती पुढे पाठवली, त्यांनी कृपया तीही काढावी आणि हा खुलासा त्याच गटांवर टाकावा. मुलं तो फोटो बघून मुंग्यांना घाबरू लागली आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.