राधानगरीचे दरवाजे आणि आमचा गिझर

"बंबाला कधी रेंज लागत नव्हती बघ," आई म्हणाली.

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळी सहाला आई टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारात आणि मी फोन उंच धरून जिन्यात. गच्चीवरचा सोलर पावसाळ्यात नावालाच, म्हणून गिझर. आणि तो फोनवरून चालावा म्हणून मी हौसेनं एक तयार वायफाय स्विच आणलेला. बसवला पण कुठं, तर गिझरच्या वर, हात पुरणार नाही असा. पावसानं नेट गेलं आणि ॲपवर नुसतं 'ऑफलाइन'. आमचा गिझर लावायचा हुकूम आधी कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरकडं जाणार, मग परत पेठेत येणार. मधे वायर तुटली की गार पाणी.

राव, आपल्याला हे शोभतं का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे दर पावसाळ्यात बातमीत असतात. पातळी चढली की उघडतात, उतरली की मिटतात. कुणाला विचारत नाहीत. तापमान बघून आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट म्हणजे दुसरं काय आहे?

तिकडं थंडीच्या देशात अख्खं घर तापवायला लागतं, तिथली गोष्ट ऐका. 2011 साली नेस्ट नावाचा नेटवरचा थर्मोस्टॅट आला. 25 ऑक्टोबर 2025 ला गूगलनं त्याच्या पहिल्या दोन पिढ्या ॲपमधून काढून टाकल्या. भिंतीवरची चकती हातानं फिरवली तर घर तापतं, फोनवरून नाही. यंत्र धडधाकट, कंपनीचं मन भरलं.

म्हणून घरीच करायला बसलो. ईएसपी8266 चा छोटा वायफाय बोर्ड, तापमान मोजणारा डीएस18बी20 सेन्सर, त्याला 4.7 किलोओहमचा रेझिस्टर. ही जोडणी एका संध्याकाळची. डोकं खाल्लं ते सेन्सर कुठं लावायचा यानं. आधी गिझरच्या बाहेरून चिकटवला. आत उष्णता अडवणारा पफ भरलेला, त्यामुळं मला आठवडाभर बाथरूमचं तापमान कळत होतं. मग वायरमनकडून खालचं झाकण उघडून घेतलं आणि आतल्या टाकीच्या पत्र्याला टेकवला. तरी आकडा चार-पाच अंश कमीच येतो. बादलीत थर्मामीटर बुडवून तो फरक प्रोग्राममध्ये घातलाय.

दुसरी चूक जिवावरची होती. बोर्डाच्या इशाऱ्यावर वीज जोडतो-तोडतो त्या निळ्या छोट्या रिलेवर '10 अँपिअर' छापलेलं असतं. गिझर 2000 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 8.7 अँपिअर. हिशेबात बसतंय म्हणून थेट जोडला. एका सकाळी रिलेचे काँटॅक्ट आतून चिकटले. बोर्ड म्हणतोय बंद, गिझर आपला तापतोय. गिझरचा मूळचा थर्मोस्टॅट मी तसाच ठेवला होता, त्यानं वेळेवर तोडलं. काही व्हिडिओत तो काढून टाका म्हणून सांगतात. असलं सांगणाऱ्याच्या घरी पाणी प्यायलासुद्धा जाऊ नका. आता गिझरचा भार झेलायला 25 अँपिअरचा काँटॅक्टर, म्हणजे मोठा रिलेच, आहे आणि छोटा रिले फक्त त्याची कॉइल ओढतो. मूळचा थर्मोस्टॅट, थर्मल कटआउट, प्रेशर व्हॉल्व्ह सगळं जागच्या जागी.

पाणी 55 अंशाला गेलं की बंद, 50 ला आलं की चालू. मधली ही पाच अंशांची जागा नसेल तर काँटॅक्टर दिवसभर टकटक करत बसेल.

गिझर ठरल्या वेळीच लागावा, तर वेळेचा घोळ राहिला होता. बोर्ड घड्याळ नेटवरून लावतो. पावसात लाईटही जाते आणि नेटही, मग परत सुरू झाल्यावर त्याला पहाट का दुपार ते कळत नाही. म्हणून बटण-सेलवर चालणारं डीएस3231 घड्याळ जोडलं. घरातली यंत्रं सांभाळणारं होम असिस्टंट सॉफ्टवेअर घरातल्याच रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर आहे, पण ते फक्त आलेख बघायला. निर्णय बोर्ड स्वतः घेतो. आणि दाराशेजारी, आईचा हात पुरेल असं, एक साधं बटण.

बिल किती वाचलं, हे मित्र आधी विचारतात. 15 लिटर पाणी 25 वरून 55 ला न्यायला अर्ध्या युनिटच्या जरा वर वीज आणि 16 मिनिटं लागतात. ती माझ्या बोर्डानंही तेवढीच लागणार. गिझर दिवसभर उगाच चालू राहायचा, तेवढंच वाचतं. सामानाचे पैसे त्यातून लवकर निघणार नाहीत, बायकोनं तसा हिशेब मांडून दाखवलाय.

आई अजून बटणच दाबते. परवा पहाटे लाईट गेली तेव्हा अंधारातून विचारलंन्, "मोडीत घातलेला बंब परत मिळतोय का बघ रे."

सर्किटचा फोटो पाहिजे असेल त्यांना देतो. पण घरात अर्थिंग धड आहे का, ते आधी वायरमनकडून बघून घ्या आणि मग मागा.