‘आजाराचाच भाग आहे’ म्हणून कान-नाक-घसा सोडून देता येत नाही

जनुकीय आजार असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो. शब्द थोडे बदलतात, आशय तोच राहतो. अशा मुलांचे कान वाहणे, नाक चोंदणे आणि घोरणे हा त्यांच्या आजाराचाच भाग असतो. जन्मानंतरची श्रवणचाचणी चांगली आली असेल तर कानांची काळजी नको. मूल उशिरा बोलते ते ‘मंद बुद्धी’मुळे. घोरणे वय वाढले की थांबते आणि नाहीच थांबले तर टॉन्सिल काढले की प्रश्न मिटतो, पण अशा मुलांना भूल सोसत नाही म्हणून शस्त्रक्रिया टाळलेलीच बरी. आणि जनुके बदलता येत नाहीत, तेव्हा जनुकीय तपासणी करून उपयोग नाही. दवाखान्यांच्या फेऱ्यांनी थकलेल्या आईवडिलांचा भार कमी व्हावा, अशाच भावनेने कोणी तरी हे लिहिले असावे. तरीही यातल्या प्रत्येक विधानापायी एखाद्या मुलाचे ऐकणे, बोलणे किंवा झोपेतला श्वास पणाला लागू शकतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘आजाराचाच भाग आहे’ हे विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते सहज पटते. डाऊन सिंड्रोममध्ये 21व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. तिच्या परिणामाने चेहऱ्याचा मधला भाग लहान राहतो, बाह्यकर्णाची नळी अरुंद असते, आणि मध्यकर्णाला घशाच्या मागच्या भागाशी जोडणारी युस्टेशियन नलिका अरुंद तर असतेच, शिवाय ती उघडणारे स्नायूही सैल असतात. मध्यकर्णात हवा पोहोचत नाही, पडद्यामागे चिकट द्रव साचतो आणि आवाज आत जाताना क्षीण होतो. कारण गुणसूत्रात आहे हे मान्य, पण पडद्यामागचा द्रव गुणसूत्रात नाही. तो तपासता येतो, त्यावर लक्ष ठेवता येते, गरज पडल्यास पडद्यात ग्रोमेट, म्हणजे बारीकशी नळी, बसवून हवेला वाट करून देता येते, आणि ग्रोमेट शक्य नसेल तेव्हा श्रवणयंत्र लावता येते. कानाची नळी इतकी अरुंद असू शकते की थोड्याशा मळानेही ती बंद होते आणि साध्या उपकरणाने पडदा दिसतच नाही. त्यामुळे ‘कान बघितला, ठीक आहे’ असे कोणी सांगितले, तर पडदा प्रत्यक्ष दिसला का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या मार्गदर्शनानुसार डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचे दोन्ही कान स्वतंत्रपणे तपासून सामान्य ठरेपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी श्रवणचाचणी करावी. या मुलांपैकी तीन-चतुर्थांशांपर्यंत मुलांना कधी ना कधी ऐकण्याची अडचण येते, हे लक्षात घेतले तर हा आग्रह अवाजवी वाटत नाही.

नवजात बाळाची श्रवणचाचणी त्या दिवसापुरते सांगते. द्रव नंतर साचतो, आणि काही जनुकीय बहिरेपण जन्मतः नसते किंवा अगदी थोडे असते व पुढे वाढत जाते. पेंड्रेड सिंड्रोममध्ये अंतर्कर्णातील एक वाहिनी रुंद असते आणि डोक्याला साधा मार लागल्यावरही ऐकणे एकदम खालावू शकते. शिवाय प्रसूतिगृहांत बहुधा होणारी ओएई चाचणी अंतर्कर्णातील बाह्य केशपेशींचा प्रतिसाद मोजते. ओटीओएफ या जनुकातील दोषात त्या पेशी ठीक असतात, पण आवाजाचा संदेश पुढे मज्जातंतूपर्यंत पोहोचत नाही. असे बाळ ओएईत उत्तीर्ण होते आणि तरीही त्याला ऐकू येत नाही. हा दोष आवाजाला मज्जातंतू व मेंदूच्या खोडाने दिलेला प्रतिसाद मोजणाऱ्या बेरा चाचणीत पकडला जातो.

‘मंद बुद्धी’च्या विधानाने माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान केले आहे. मुलाच्या निदानाचे नाव एकदा ठरले की पुढची प्रत्येक अडचण त्याच नावाखाली घातली जाते आणि दुसरे कारण शोधणे थांबते. मध्यम प्रमाणात ऐकू कमी येणारे मूल हाक मारली की वळून बघते, दार आपटले की दचकते. त्यामुळे घरच्यांना त्याच्या ऐकण्याविषयी शंका येत नाही. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे हलके, उंच स्वराचे ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि जे शब्द पूर्ण ऐकूच येत नाहीत ते शिकायचे तरी कसे? अशा मुलाची बौद्धिक मर्यादा खरी असली, तरी ऐकण्यातली उणीव भरून काढण्याची गरज त्यामुळे कमी न होता वाढतेच, कारण त्याला शिकण्यासाठी आधीच जास्त आधार लागतो. ‘सहकार्य करत नाही, म्हणून चाचणी होत नाही’ हेही कारण टिकत नाही. बेरा चाचणी मूल झोपलेले असताना होते, त्यासाठी त्याने काहीच करावे लागत नाही.

याच चुकीचे आणखी एक रूप चार्ज सिंड्रोममध्ये दिसते. हा आजार बहुतांश वेळा सीएचडी7 या जनुकातील बदलाने होतो आणि त्यात अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका अनेकदा तयारच झालेल्या नसतात. असे मूल उशिरा बसते, उशिरा चालते, आणि बघणारे त्याला बुद्धीचा दोष समजतात. वास्तविक त्याला तोल राखण्याचे जन्मजात साधनच मिळालेले नसते, आणि त्याच वेळी ऐकणे व दृष्टीही कमी असू शकते. कान नीट तपासला नाही तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये बाहेरचा कान अपुरा असतो आणि नळी बंद असू शकते, पण अंतर्कर्ण व बुद्धी सहसा चांगली असते. हाडातून आवाज पोहोचवणारे यंत्र मऊ पट्ट्यावर बांधून अगदी तान्ह्या वयातही वापरता येते. तेवढे केले नाही तर एका हुशार मुलाचे बोलणे निव्वळ दुर्लक्षामुळे मागे पडते.

आता घोरण्याविषयी. डाऊन सिंड्रोम असलेल्या निदान निम्म्या मुलांना झोपेत श्वासमार्ग वारंवार बंद होण्याचा त्रास असतो. आईवडिलांचे निरीक्षण आणि झोपेच्या तपासणीचा निकाल यांचा मेळ बसत नाही, हे वारंवार दिसून आले आहे. म्हणूनच काहीही लक्षण नसले तरी तीन ते चार वर्षे वयाच्या दरम्यान रात्रभराची झोपेची तपासणी सुचवली जाते. मान मागे टाकून किंवा बसून पुढे वाकून झोपणे, झोपेत घामाघूम होणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, दिवसा चिडचिड होणे ही लक्षणे घरी लक्षात येऊ शकतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि रात्री वारंवार घसरणारा प्राणवायू फुप्फुसातील रक्तदाब वाढवतो, त्यामुळे वाट पाहणे धोक्याचे ठरते. उलट अकॉन्ड्रोप्लेझियात, म्हणजे हाडांची वाढ कमी होऊन उंची खुंटणाऱ्या जनुकीय आजारात, धोका घोरण्याविनाही येतो. कवटीच्या तळाचे छिद्र अरुंद असल्याने मेंदूच्या खोडावर दाब येऊन श्वासाची आज्ञाच थांबू शकते. शांत झोपलेले बाळ सुरक्षित आहे, असे तिथे गृहीत धरता येत नाही.

टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकामागची गाठ) काढल्याने पुष्कळ मुलांना आराम मिळतो, पण डाऊन सिंड्रोममध्ये मोठ्या संख्येने मुलांचा त्रास नंतरही उरतो, कारण जिभेचा मागचा भाग आणि सैल घसा तसाच राहतो. शस्त्रक्रियेनंतर झोपेची तपासणी पुन्हा करणे हा उपचाराचाच भाग आहे. 22क्यू11.2 डिलिशन, म्हणजे 22व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसणे, हा दोष असलेल्या मुलाबाबत तर प्रश्न उलटा आहे. त्याची टाळू आखूड किंवा आतून, वरच्या अस्तराखाली दुभंगलेली असू शकते, आणि फुगलेले अ‍ॅडिनॉइडच नाकाकडे जाणारी वाट कशीबशी बंद करत असते. ते सरसकट काढले तर बोलताना हवा नाकातून सुटू लागते आणि वाचा कायमची गेंगाणी होऊ शकते. याच मुलांत मानेतील मोठी रोहिणी घशाच्या मध्याकडे सरकलेली असू शकते, हेही शस्त्रक्रियेपूर्वी पाहावे लागते.

भुलीच्या भीतीतही तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून मान ताणताना जपावे लागते. श्वासनलिका अपेक्षेपेक्षा लहान असते, म्हणून श्वासासाठी घालायची नळी लहान घ्यावी लागते. म्युकोपॉलिसॅकरायडोसिस, म्हणजे शर्करेचे मोठे रेणू न मोडता पेशींत साचत जाण्याचा आजार, असलेल्या मुलांचा श्वासमार्ग तर अनुभवी भूलतज्ज्ञाचीही परीक्षा घेतो. पण हे सगळे धोके आधी माहीत असलेले आहेत, आणि माहीत असलेल्या धोक्याची तयारी करता येते. जिथे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाची सोय आहे आणि भूलतज्ज्ञाला निदान आगाऊ सांगितले आहे, अशा ठिकाणी शस्त्रक्रिया करावी, हा यावरचा योग्य सल्ला आहे.

शेवटचे विधान जनुकीय तपासणीबद्दल. म्युकोपॉलिसॅकरायडोसिसच्या कित्येक मुलांवर निदान होण्याआधीच कान, अ‍ॅडिनॉइड किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रिया झालेल्या असतात. तिथे कोणाला वेळीच शंका आली, तर याच आजाराचा तीव्र प्रकार असलेल्या हर्लर सिंड्रोममध्ये लहान वयातच अस्थिमज्जा प्रत्यारोपण करून बुद्धीची हानी बरीच आटोक्यात ठेवता येते. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या ईसीजीत क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यातील विद्युत क्रियेचा काळ) लांबलेले आढळले, तर जेर्वेल आणि लांगे-निल्सन सिंड्रोम ओळखता येतो आणि त्यातला अचानक मृत्यूचा धोका औषधांनी कमी करता येतो. बहिरेपणासोबत पुढे दृष्टीही कमी करणारा अशर सिंड्रोम आधी कळला, तर कॉक्लियर इम्प्लांटचा (अंतर्कर्णात बसवायच्या श्रवणसाधनाचा) निर्णय लांबवला जात नाही. ‘जनुके बदलता येत नाहीत’ हे वाक्यही आता तसेच्या तसे उभे राहत नाही. ओटीओएफमधील दोषामुळे बहिऱ्या असलेल्या काही मुलांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागल्याचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. आणि फक्त आईकडून मुलांकडे जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांतील 1555 क्रमांकाचा बदल एका मुलात सापडला, तर त्याची आई, भावंडे, मावश्या आणि मावसभावंडे यांच्या वैद्यकीय नोंदींत या बदलात ऐकणे कायमचे घालवू शकणारी जेंटामायसिनसारखी औषधे टाळावीत, असे त्याच दिवशी लिहून ठेवता येते.