कॉम्प्युटरला मारलेली थाप

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगतो, ती एक थाप आहे. विंडोजच्या एका खिडकीत लिनक्स (दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) बसवायचं आणि त्याला छातीठोकपणे सांगायचं की बाबा रे, हा प्रोसेसर तुझा, ही मेमरी तुझी, डिस्क तर अख्खी तुझीच. ते बिचारं विश्वास ठेवतं. पण एक खोटं लपवायला दहा खोटी बोलावी लागतात, आणि इथे ती दहाही आपल्यालाच सेटिंग्जमध्ये जाऊन टिक करावी लागतात.

थाप तशी जुनी. आयबीएमने १९७२ साली मेनफ्रेमसाठी, म्हणजे आपल्या अवाढव्य कॉम्प्युटरांसाठी, व्हीएम/३७० आणलं, तेव्हापासून मोठी यंत्रं हे बिनबोभाट करत आली. आपल्या टेबलावरचे एक्स८६ प्रोसेसर मात्र सत्यवचनी निघाले. इंटेलच्या पेंटियमला १७ सूचना, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा, अशा होत्या की त्या चालवल्या की पितळ उघडं पडायचं. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये त्या सूचना चालता चालता बदलून वेळ मारून नेली. मग इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये थाप मारायची सोय थेट प्रोसेसरमध्येच करून दिली. इंटेलच्या सोयीचं नाव व्हीटी-एक्स.

सोय दिली, पण अनेक मशीनवर ती बंद असते. व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर हौसेने उघडावं आणि त्याने 'व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे' म्हणून हात वर करावेत, ही नेहमीची सलामी. (बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी उठणारं, मदरबोर्डाचं सेटिंग्जचं पान.) म्हणून इन्स्टॉल करायच्या आधीच टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जायचं आणि 'व्हर्च्युअलायझेशन' या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचायचं. 'डिसेबल्ड' असेल तर रीस्टार्ट, एफ२ किंवा डिलीट बडवणं आणि बायोसमध्ये शोधाशोध. इंटेलवर नावात निदान 'व्हर्च्युअलायझेशन' तरी असतं. एएमडीवर त्याच गोष्टीला 'एसव्हीएम मोड' म्हणतात आणि बऱ्याच मदरबोर्डांवर ती ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसरचा वेग वाढवायच्या, पानात दडलेली असते. तिथे ती कोणाला सापडू नये, हाच हेतू असावा असा मला दाट संशय आहे.

आता मशीन सुरू होतं, पण रांगतं. अशा वेळी खिडकीच्या खालच्या पट्टीकडे बघा. तिथे उजवीकडे, बोटाच्या नखापेक्षाही लहान, हिरवं कासव दिसलं तर निदान झालं. हे कासव थट्टेने काढलेलं नाही, व्हर्च्युअलबॉक्सचं ते अधिकृत चिन्ह आहे. विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा), हायपर-व्ही, आधीच प्रोसेसरच्या त्या सोयीवर ठाण मांडून बसलाय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या परवानगीने काम करावं लागतंय, असा त्याचा अर्थ. म्हणजे थापेबाजाच्या वर आणखी एक थापेबाज. उपाय असा : विंडोज सिक्युरिटीच्या कोअर आयसोलेशनमधलं 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करायचं, 'बीसीडीएडिट' या कमांडने हायपरवायझरचं लाँच ऑफ करायचं आणि कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पुन्हा लावायचा. कासव जातं. त्याच्याबरोबर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) पण जातं आणि सुरक्षेचा एक थरही जातो. मला विचाराल तर काम उरकत असेल तेवढं कासव राहू द्यावं.

मेमरीच्या बाबतीत दानशूरपणा नडतो. उबुंटू या लिनक्सच्या डेस्कटॉपला ४ जीबी तरी लागते. आपल्याकडे एकूण ८ असताना 'घे सहा' म्हणालात, तर विंडोज डिस्कवर पेजिंग करू लागतं, म्हणजे मेमरीतला माल डिस्कवर ठेवू लागतं, आणि एकाला वेग द्यायच्या नादात दोघेही गुडघे टेकतात. मेमरीचा स्लायडर हिरव्या पट्ट्यात ठेवा. चार कोअरपैकी दोन द्या, चारही नाही. विंडोज ११ बसवायचं असेल तर दोन कोअर, ४ जीबी, ६४ जीबीची डिस्क आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) हवं. ते टीपीएमही खोटंच चालतं, फक्त व्हर्च्युअलबॉक्स ७.० किंवा पुढचं घ्या.

मग येतो तो पडदा : 'डिस्क पुसून उबुंटू इन्स्टॉल करा'. हा वाचताना भल्याभल्यांच्या हाताला कंप सुटतो. खुशाल दाबा. पुसली जाते ती २५ जीबीची व्हीडीआय फाइल, म्हणजे आपणच दिलेली खोटी डिस्क, आणि ती तर रिकामीच आहे.

इन्स्टॉल झाल्यावर डेस्कटॉप पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो, कारण खोट्या ग्राफिक्स कार्डाची भाषा अजून कोणी शिकवलेली नसते. ती गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे आत बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर, शिकवतात. त्याआधी जीसीसी, मेक (प्रोग्रॅम बांधायची साधनं) आणि चालू कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हेडर्स टाका, नाहीतर ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधलंच जात नाही आणि मधल्या एका ओळीत ते पुटपुटून गप्प बसतं. शेअर्ड फोल्डर दिसतो पण 'परमिशन डिनाइड' म्हणतो? युजरला 'व्हीबॉक्सएसएफ' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट राहिलं की तासभर सेटिंग्ज तपासत बसणं आलंच. माउस खिडकीत अडकला तर उजवा कंट्रोल दाबा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मात्र विंडोजच पकडतं. ते आत पाठवायला उजवा कंट्रोल आणि डिलीट.

नेटवर्क आपोआप चालतं, म्हणजे आतून बाहेर. बाहेरून आत जायचं म्हटलं की दार बंद. नॅटमध्ये (आपोआप मिळणारी नेटवर्कची पद्धत ती हीच) प्रत्येक मशीनला बहुधा १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो आणि प्रत्येकाला वाटतं तो फक्त आपलाच. एसएसएचसाठी, म्हणजे बाहेरून आत कमांड चालवण्यासाठी, बाहेरचं २२२२ चं पोर्ट आतल्या २२ कडे वळवा. नेटवर्क 'ब्रिज्ड' केलंत, म्हणजे मशीन थेट घरच्या नेटवर्कला जोडलंत, तर राउटरकडून खरा पत्ता मिळतो, पण वायफायवर ब्रिज्डचे रुसवेफुगवे फार.

आणि डिस्क. 'डायनॅमिक' डिस्क लागेल तशी फुगते, पण आतल्या फाइल उडवल्या म्हणून आपणहून बारीक होत नाही. आत झीरोफ्री ही कमांड चालवून रिकामी जागा शून्यांनी भरायची, मशीन बंद करायचं आणि बाहेरून डिस्कची फाइल कॉम्पॅक्ट करायची. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची अवस्था जपून ठेवणं, तर महाबिलंदर. घेताना डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो, कारण नक्कल होतच नाही. जुनी फाइल गोठते आणि पुढचे बदल नव्या फाइलीत जातात. म्हणून तो बॅकअप नव्हे, आणि साखळीतली एक फाइल फोल्डरमधून हाताने उडवलीत तर पुढच्या सगळ्या मुक्या होतात. स्नॅपशॉट उडवायचा तर व्हर्च्युअलबॉक्समधूनच उडवा. तेव्हा दोन फाइली एकत्र होतात, त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यापुरती डिस्कवर मोकळी जागाही लागते. माणूस स्नॅपशॉट उडवायला निघतो तो मात्र डिस्क पुरती भरल्यावरच.