ग्रॉफ ओळी खात नाही

‘ग्रॉफ मॅन पानांतल्या ओळी परस्पर गाळतो, हा बग आहे’ असा मेसेज फिरतोय. (ग्रॉफ म्हणजे मजकुराची मांडणी करणारा प्रोग्राम; मॅन पानं म्हणजे युनिक्स-लिनक्समधली मदतीची पानं.) बग नाही, नियम आहे. टिंबाने किंवा एकेरी अवतरणाने सुरू होणारी ओळ मजकूर नसून आज्ञा समजली जाते. टिंबाची ही प्रथा 1964 च्या रनऑफ या मांडणी-प्रोग्रामपासूनची. ‘.प्रोफाइल’ हे फाइलचं नाव वाक्याच्या मध्ये असेल तर बिनधास्त छापलं जातं. एडिटरने परिच्छेद पुन्हा जुळवला, नाव ओळीच्या सुरुवातीला आलं, की त्या नावाची आज्ञा सापडत नाही आणि अख्खी ओळ गायब! तीही गुपचूप, कारण ‘अशी आज्ञा नाही’ ही ताकीद मुळात बंद असते (ही तक्रार मात्र रास्त आहे). उपाय सोपा: टिंबाआधी \& लिहा. ते छापलं जात नाही, जागाही घेत नाही.