रोज 30 शब्द पाठ करा म्हणे!

आठवडाभरात तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड आला. "रोज 30 अ‍ॅडव्हान्स्ड इंग्लिश शब्द मराठी अर्थासकट पाठ करा, वर्षात दहा हजार होतील, इंटरव्ह्यूत समोरचा गार पडेल, जीआरईचंही (परदेशात पुढचं शिकायला द्यायची परीक्षा) काम होईल." खाली पीडीएफ.

आधी हिशोब. 30 गुणिले 365 म्हणजे 10950, गुणाकार बरोबरे, पण डोकं म्हणजे काय गल्लाय का, टाकलं की साठलं? एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय की निरर्थक अक्षरं घोकली तर दिवसभरात निम्म्याहून जास्त उडतात. उजळणी कधी करायची ते फॉरवर्डमधे नाहीच.

दुसरं, एका शब्दाला एकच अर्थ, खरी बोंब इथेय. सँक्शन म्हणजे मंजुरी. ठीके, ऑफिसात बिल सँक्शन होतं, पण पेपरात रशियावर सँक्शन्स वाचलं की काय समजायचं, रशियाला मंजुरी मिळाली? तिथे अर्थ निर्बंध! आणि नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध, त्यापुढे चक्क 'प्रसिद्ध'! "माय फादर इज अ नोटोरियस डॉक्टर" असं लिहिलं तर बाबांची प्रॅक्टिसच बसेल.

इंटरव्ह्यूचं तर मला विचारा. अशाच एका यादीत गार्युलस म्हणजे 'बोलका' असं वाचलेलं, पहिल्याच इंटरव्ह्यूत कम्युनिकेशन कसंय विचारल्यावर मी ऐटीत "आय अ‍ॅम व्हेरी गार्युलस" ठोकून दिलं. मॅडम हसल्या, मला वाटलं खूश झाल्या. घरी येऊन नीट डिक्शनरी बघितली तर अर्थ वटवट्या.

जीआरईला शब्द लागतात हे खरंय, पण विरुद्धार्थी आणि शब्दजोड्या छापाचे सुटे प्रश्न 2011 लाच गेले, आता वाक्यातल्या गाळलेल्या जागा असतात, शब्द कुठे बसतो ते कळल्याशिवाय नुसता अर्थ काय कामाचा.

त्यापेक्षा शब्दांचा गोतावळा पकडा, एकाच मुळातून आलेले शब्द. लॅटिनमधे अ‍ॅनिमस म्हणजे मन. युनॅनिमस म्हणजे एकमताने, इक्वॅनिमिटी म्हणजे मनाचा समतोल, मॅग्नानिमस म्हणजे मोठ्या मनाचा, आणि त्यातला मॅग्नस, म्हणजे मोठा, तर आपल्या 'महा'चा लांबचा भाऊच. एका फटक्यात तीन शब्द, घोकंपट्टी शून्य!

आत्ता मुद्दाम त्या पीडीएफमधे मॅग्नानिमस शोधला. समोर लिहिलंय, 'मोठा'. घ्या आता मॅग्नानिमस फ्लॅट, थ्री बीएचके.