आधी बापाने वाजवायचं

लेकीच्या हातात बिस्किटांचं खोकं आणि माझ्या हातात खरं व्हायोलिन, असे आम्ही बापलेक जपानमधल्या नागोयातल्या, सुझुकी पद्धतीने व्हायोलिन शिकवणाऱ्या एका शिकवणीत पहिले दोन महिने उभे होतो. खोक्याला रंगीत कागद गुंडाळलेला, पुढे मोजपट्टी चिकटवलेली, तार एकही नाही. जमिनीवर पुठ्ठा आणि त्यावर पेनाने काढलेला तिच्या पावलांचा आकार. त्या आकारात पाय ठेवून ती खोकं हनुवटीखाली धरायची, कमरेत वाकून 'ओनेगाई शिमासु', म्हणजे 'कृपया शिकवा', म्हणायची आणि मग माझी करकर ऐकत बसायची.

पहिल्या दिवशी सेन्सेई, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, सारख्या दाराकडे बघत होत्या. मुलीची आई कुठे राहिली म्हणून. बायकोला शनिवारी सुट्टी नसते, तेव्हा मीच, असं मोडक्या जपानीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि गज माझ्या हातात दिला. आधी पालकाने शिकायचं, मुलाने बघायचं. मूल आपणहून 'मला दे' म्हणून मागे लागेपर्यंत त्याला द्यायचंच नाही. आमच्या चार वर्षांच्या बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात गज हिसकला, तरी तिला खोक्यावरच ठेवलं. त्या दोन महिन्यांत घरात रोज एकच तक्रार: बाबांनाच का?

हे सगळं मी कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकलं आणि सांगलीहून ताईचा फोन आला. ताई गेली वीस वर्षं गाण्याचा क्लास चालवते. तिच्याकडे त्या वेळी दुसरंच प्रकरण तापलं होतं, दहावीच्या वाढीव कलागुणांचं. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठरावीक परीक्षा दिल्या की दहावीच्या निकालात गुण वाढतात, तसेच चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचेही. निकालाच्या हंगामात दरवर्षी यावर वाद होतो. एक म्हणतो, यामुळे पोरं निदान कलेकडे फिरकतात. दुसरा म्हणतो, पाच बंदिशी घोकून फॉर्म भरायचा आणि दहावी झाली की तंबोरा माळ्यावर. मी दुसऱ्या बाजूचा. गुण बंद करा, परीक्षा हवी तर ठेवा, असं मी लिहिलं होतं.

"तिकडे बसून बोलायला तुझं काय जातंय?" ताई म्हणाली. "गुण गेले तर माझ्याकडची निम्मी पोरं उद्या अ‍ॅबॅकसला जातील. भाडं तू भरणार आहेस का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही.

पण ज्या पद्धतीत मी सध्या वाजवायला शिकतोय, तिच्या माणसाबद्दल सांगतो. शिनिची सुझुकी 1898 साली याच नागोयात जन्मले. वडील मासाकिची हे शामिसेन हे तीन तारांचं जपानी वाद्य बनवणाऱ्या घरातले, त्यांनी जपानी बनावटीच्या व्हायोलिनचा मोठा कारखाना उभा केला. पोरगा कारखान्यात वाढला, पण व्हायोलिन त्याच्या लेखी कारखान्यातली वस्तू होती. मिशा एल्मान या व्हायोलिनवादकाची रेकॉर्ड कानावर पडली तेव्हा तो सतराएक वर्षांचा होता. मग त्याने एक व्हायोलिन घरी नेलं आणि रेकॉर्ड ऐकून ऐकून स्वतःच वाजवायला लागला. 1921 मध्ये बर्लिनला जाऊन कार्ल क्लिंगलर या जर्मन व्हायोलिनवादकाकडे शिकला, तिथेच लग्न केलं, परत आला. पुढे एक बाप आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आला: याला शिकवा. एवढ्या लहान मुलाला शिकवायचं कसं, हे सुझुकींना माहीत नव्हतं. विचार करता करता त्यांना एक साधी गोष्ट खटकली. जपानमधली सगळी मुलं जपानी बोलतात, त्यांतलं कुणी नापास होत नाही. मग सूरही तसाच का शिकवू नये? रोज कानावर घालायचा, घरातल्या माणसाने बोलून दाखवायचा, अक्षरओळख नंतर. तो चार वर्षांचा मुलगा म्हणजे तोशिया एतो, पुढे नावाजलेला व्हायोलिनवादक. दुसऱ्या महायुद्धानंतर सुझुकी जपानमधल्याच मात्सुमोतो शहरात गेले आणि 1998 मध्ये वारेपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

आमच्या घरी हे असं उतरतं: सकाळी पोह्यांबरोबर रेकॉर्डिंग लागतं. पहिला धडा 'किराकिरा बोशी', म्हणजे आपल्याकडच्या बालवाडीतलं ट्विंकल ट्विंकल. त्याची पहिली लयकारी सेन्सेई तोंडाने म्हणून दाखवतात: ताकाताका तात्ता, ताकाताका तात्ता. मला एकदम तबल्याच्या क्लासचा वास आला. कागदावर लिहिलेले सूर अजून दिसलेच नाहीत, मुलीलाही नाहीत आणि मलाही नाहीत.

ताईने इथेच पकडलं. "अरे, मग हे आपलंच की! गुरूने म्हणायचं, शिष्याने म्हणायचं, वही बंद. जपान्यांनी गुरुकुल खोक्यात भरून तुलाच विकलं."

ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. गुरूच्या घरी कोण पोहोचायचं? ज्याला घर सोडता यायचं, पाणी भरत, पाय चेपत वर्षं काढता यायची, आणि जो मुलगा असायचा. सुझुकींचा सगळा भर नेमका उलटा, मूल निवडायचंच नाही. आणि आमच्या भागातल्या माणसाने हे त्यांच्या आधी केलं आहे. गायक विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे गेल्यासारखे झाले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी, वेळापत्रक, वर्ग, छापील पुस्तकं. गाणं शिकायला कुणाच्या घरी राबायची गरज उरली नाही आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलींना गाण्याचं दार उघडलं. तिकडे मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले, पेशाने वकील असलेले विष्णु नारायण भातखंडे उस्तादांच्या दारोदार फिरून बंदिशी गोळा करत होते. त्यांनी रागांचे दहा थाट, म्हणजे गट, मांडले आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग मराठीत लिहिले. दोघांनी सूर कागदावर लिहायची स्वरलिपी केली, अर्थात वेगवेगळी. पलुसकरांकडे स्वराच्या डोक्यावर टिंब आलं की तो मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, भातखंड्यांकडे तेच टिंब म्हणजे तार, वरच्या सप्तकातला. दोन मराठी माणसं एका टिंबावर एकमत करतील ही अपेक्षाच चूक.

तेव्हा वही वाईट, असं मी म्हणणार नाही. वही नसती तर ताई गायला लागली नसती, आमच्या घरात कुणी गाणारं नव्हतं. माझं दुखणं परीक्षेच्या खोलीतलं आहे. बारा वर्षांचा असताना मी तबल्याच्या परीक्षेला बसलो. परीक्षकांनी कायदा, म्हणजे मी वाजवत असलेली तबल्याची रचना, अर्ध्यात थांबवला, पुढचा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर सांगता आलं नाही. वाजवलेलं कसं होतं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. गुण मात्र आठवतात.

सुझुकींकडेही टप्पे होते, पण ते असे. मूल ठरलेली रचना टेपवर वाजवून पाठवायचं. हे गृहस्थ भल्या पहाटे उठून त्या टेपा ऐकायचे आणि त्याच टेपेवर त्या मुलासाठी आपला अभिप्राय बोलून ठेवायचे. नापास कुणालाच करायचे नाहीत. मला गुणांच्या वादात सांगायचं आहे ते एवढंच. परीक्षा म्हणजे कुणीतरी जाणत्याने तुमचं शेवटपर्यंत ऐकणं असेल, तर ती दर सहा महिन्यांनी घ्या. तिचे गुण दहावीच्या गणिताशेजारी नेऊन बसवले की ऐकणारा आणि वाजवणारा दोघंही घड्याळाकडे बघायला लागतात.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र नाही. 'घरातलं माणूस' म्हणजे आई, हे गृहीतच धरलेलं आहे. आमच्या शिकवणीत अकरा मुलांमागे दहा आया आणि मी. त्यातल्या दोघींनी, मी विचारल्यावर, हसत सांगितलं की नोकरी सोडल्यामुळे जमतं. मला ते हसू फारसं आवडलं नाही. पैसाही लागतो, कारण मूल वाढलं की व्हायोलिन मोठं घ्यावं लागतं. कानाने शिकलेली मुलं पुढे नोटेशन वाचताना अडखळतात ही तक्रार जुनी आहे. आणि वर्गातली तीन मुलं पाठोपाठ एकच गत वाजवतात तेव्हा डोळे मिटले तर कोण कोणतं, मला सांगता येत नाही. ताईच्या क्लासमध्ये निदान प्रत्येकाचा भूप राग वेगळ्या ठिकाणी घसरतो.

गेल्या महिन्यात शिकवणीचं वार्षिक वादन झालं. कार्यक्रम उलटा असतो. सुरुवात सगळ्यात अवघड रचनेने, रंगमंचावर चार-पाच मोठी मुलं. मग रचना सोप्या होत जातात आणि ज्याला जी येते तिथे तो वर चढतो. शेवटी ताकाताका तात्ता, तेव्हा सगळे वर, अगदी नखाएवढं व्हायोलिन घेतलेलीही. आमची लेक शेवटून पहिली चढली आणि पूर्ण वेळ प्रेक्षकांत मला शोधत राहिली, गज हवेतच. मी त्याची चित्रफीत ताईला पाठवली. तिने दोन दिवसांनी उत्तर दिलं: मुलीचा खांदा वर जातोय, सांग तिला.

मग आठवड्याने आणखी एक फोन. ताईने रविवारच्या बॅचला पालकांनीही बसायचं असा नियम केला होता. दोन आया आणि एक आजोबा आले. एक आई तासभर मोबाइलवर. दुसरी बरी गायली, पण तिला डबे करायचे असतात, पुढच्या वेळी जमेल असं नाही. आजोबांची मात्र दुर्गा रागातली बंदिश नातवाआधी पाठ झाली.

"मग? पटलं का?" मी विचारलं.

"थांब," ताई म्हणाली, "आजोबा विचारतायत, परीक्षेचा फॉर्म कधी निघणार."