युनिटचं तेवढं विचारू नका

हरित ऊर्जेत नाव काढायचं असेल, तर सगळ्यात आधी मेगावॅट आणि युनिट यांतला फरक नीट समजून घ्या आणि मग तो कायमचा विसरून जा. मेगावॅट म्हणजे आपण उभं काय केलं. युनिट म्हणजे त्यातून वीज किती आली. मेगावॅटची फीत कापता येते, मंत्री येतात, ड्रोनने शूटिंग होतं. युनिटसाठी आजवर कोणी नारळ फोडल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा यापुढे मेगावॅटमध्येच बोला आणि युनिटचा विषय निघाला की चहा सांगा.

यात काही गैर आहे असं मनात आणू नका. खुद्द दिल्लीचा वस्तुपाठ समोर आहे. जून २०२५ अखेर देशाची स्थापित क्षमता ४८४ गिगावॅटच्या (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) पुढे गेली आणि त्यातली निम्मी कोळसा, तेल, वायू सोडून इतर स्रोतांची झाली. २०३० साठी ठरवलेला टप्पा पाच वर्षं आधीच गाठला, म्हणून कौतुक झालं. बातमी अगदी खरी होती. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा तरीही सत्तर टक्क्यांच्या आसपासच होता, पण ते बातमीच्या खालच्या परिच्छेदात. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि लोक नेमके त्यानंतरच दिवे लावतात, याला सरकार काय करणार?

उद्दिष्ट हुकलं तर काय करायचं, हेही तिथेच शिकून घ्या. २०२२ पर्यंत १७५ गिगावॅट, त्यातले ४० घरांच्या आणि इमारतींच्या छतांवर, असं ठरलं होतं. एकूण आकडा १२० च्या आसपास अडकला आणि छतांवरचा तर पाचव्या हिश्श्याच्या आगेमागे. तुमच्याआमच्यासारखा माणूस अशा वेळी तोंड लपवतो. जाणकार माणूस मुदत संपायच्या वर्षभर आधीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ग्लासगोच्या हवामान परिषदेला जाऊन २०३० साठी ५०० गिगावॅट जाहीर करतो. जुनं गणित पुसायच्या भानगडीत पडूच नये, त्याच्यावर मोठ्या अक्षरात नवं लिहावं.

आता गुंतवणुकीकडे या. तुमच्याकडे चार पैसे असतील आणि त्यावरचा प्राप्तिकर डोळ्यांत खुपत असेल, तर साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्याने चाळकेवाडीच्या पठारावर एक चक्कर मारा. पलीकडे पाटण तालुक्यात वनकुसवडे आहे, तिथेही तेच दृश्य. मे सरता सरता वारा असा सुटतो की उभं राहवत नाही, आणि त्या वाऱ्यात ओळीने पवनचक्क्या. सहलीला आलेली पोरं विचारतात, या कुणाच्या? उत्तर ऐकून मौज वाटेल. देशभरात कापड गिरणीवाले, सराफ, बांधकामवाले अशा कितीतरी जणांनी पवनचक्क्या घेतल्या, ज्यांचा वाऱ्याशी तोवर कपडे वाळत घालण्यापुरता संबंध होता. कारण पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी करपात्र नफ्यातून वजावट, मिळायचा. पाच कोटींची पवनचक्की घेतली की चार कोटी त्याच वर्षी नफ्यातून वजा. पातं किती फिरलं, हे त्या हिशेबात कुठे येतच नाही.

इथे एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवा. मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर घसारा निम्माच मिळतो. म्हणून पवनचक्की एकतर सप्टेंबरअखेरच्या आत चालू करायची, नाहीतर किमान मार्चअखेर. वाऱ्याचा हंगाम पावसाळा हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक, पण ऐन पावसाळा उलटल्यावर चक्की उभी करण्यात शहाणपण आहे हे फक्त सीएला ठाऊक. एप्रिल २०१२ पासून ही सवलत काढली आणि वर्षभरात देशातली नवी पवन क्षमता ३,२०० मेगावॅटच्या आसपासवरून १,७०० च्या आसपास आली. पठारं तीच, वाराही तोच. २०१४ मध्ये सवलत परत आली, २०१७ पासून ४० टक्क्यांवर बसली. वाऱ्याचा अंदाज हवामान खात्याला विचारण्यापेक्षा अर्थसंकल्पाचं भाषण ऐकणं बरं.

चक्की परवडत नसेल तर शेअर घ्या. पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनचा शेअर जानेवारी २००८ मध्ये चारशेच्या वर होता आणि मार्च २०२० मध्ये दोन रुपयांच्या खाली. मधल्या काळात 'हरित' या एका शब्दावर विसंबून ज्यांनी तो धरून ठेवला, त्यांच्या श्रद्धेला आपला नमस्कार. तुम्ही त्या भानगडीत न पडता थेट प्रवर्तकच व्हा.

प्रवर्तक कसं व्हावं याचा धडा चाकणमध्ये आहे. जेनसोल नावाची कंपनी सौर प्रकल्पांच्या सल्ल्यातून मोठी झाली आणि मग विजेच्या मोटारींकडे वळली. जानेवारी २०२५ मध्ये तिने ३०,००० मोटारींची आगाऊ मागणी आल्याचं जाहीर केलं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या १५ एप्रिल २०२५ च्या अंतरिम आदेशानुसार ते नऊ जणांशी केलेले २९,००० मोटारींचे सामंजस्य करार होते आणि त्यांत किंमतही नव्हती, गाडी कधी द्यायची तेही नव्हतं. राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी कारखाना बघायला गेला, तर तिथे दोन-तीन मजूर. हा अधिकारी मात्र खरा कसलेला निघाला. त्याने वीजबिलं मागितली! गेल्या बारा महिन्यांतलं महावितरणचं सगळ्यात मोठं बिल डिसेंबर २०२४ चं होतं, १,५७,०३७ रुपयांचं. तेवढ्यावरून त्याने ओळखलं की इथे मोटारी बनत नाहीत. ६,४०० गाड्यांसाठी घेतलेल्या कर्जातून ४,७०४ च गाड्या आल्या, आणि पैसा फिरत फिरत गुरगावातल्या आलिशान फ्लॅटपर्यंत आणि २६ लाखांच्या गोल्फ सेटपर्यंत गेला, असंही त्याच आदेशात आहे. तुमच्यासाठी बोध सरळ आहे: कारखान्याचे फोटो हवे तेवढे पाठवा, वीजबिल कुणाच्या हाती लागू देऊ नका. सगळी बोलाचीच कढी असली तरी बिलावरचं युनिट खोटं बोलत नाही. म्हणून तर म्हटलं, ते विचारू देऊ नये.

मोठ्या निविदांबद्दल फार सांगत नाही. दर पाडून बोली जिंका. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातल्या भडल्याला सौर विजेच्या युनिटला २ रुपये ४४ पैसे लागले तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्याच होत्या. वीज कोण घेणार, हे नंतर बघता येतं. २०२५ मध्ये बोली जिंकलेले पण खरेदीदाराची सही न झालेले ४० गिगावॅटहून जास्त प्रकल्प देशात होते, म्हणजे तुम्ही एकटे नाही. पॅनेल वर्ष-दीड वर्षात उभी राहतात, पारेषणाच्या तारांना त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे राजस्थानात भर दुपारी, ऊन रणरणत असताना, प्रकल्पांना वीज बंद ठेवायला सांगावं लागलं. कुणी विचारलंच तर माळढोकाचं नाव पुढे करा. त्याच्यासाठी तारा जमिनीखालून टाका असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं होतं, २०२४ मध्ये तो आदेश सैल केला. पक्षी बिचारा खुलासा काढत नाही. आपल्या नान्नजला त्याच्या नावाचं अभयारण्य आहे, तिथेही तो आता शोधावा लागतो.

तुम्ही शेतकरी असाल तर मात्र हा लेख इथेच मिटा. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, बिबट्याच्या भीतीने मोठ्याने गाणी म्हणत उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला दिवसा पंप चालणं म्हणजे काय ते सांगायला नको, आणि त्याची थट्टा करायची माझी छाती नाही. मागेल त्याला सौर कृषी पंप, दहा टक्के भरा, अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. योजना जमीन मोजते. बोअर किती खोल आहे, हे मात्र जमिनीच्या वरून दिसत नाही. अडीच एकरवाल्याचं पाणी पाचशे फुटांवर असलं तर त्याने काय करावं? एक तर पाण्याला वर यायला सांगावं, किंवा शेजारच्याची अर्धा एकर सातबाऱ्यावर चढवावी. दुसरा उपाय जास्त अवघड आहे.

राहिली तुमची सोसायटी. गच्चीवर सौर पॅनेल लावण्याचा ठराव वार्षिक सभेत मांडाच. सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, हे ऐकताच सभेत प्रथमच गणपूर्ती होईल. मग वरच्या मजल्यावरचे गळतीचा मुद्दा काढतील. उन्हाळ्यात कुरडया वाळवणाऱ्या काकू आपली जागा आखून मागतील. कुणीतरी विचारेल की पॅनेलवर कबुतरांनी केलेली घाण कोण धुणार, आणि खरं सांगायचं तर सभेतला एवढाच तांत्रिक प्रश्न असेल. शेवटच्या रांगेतला एखादा तरुण उठून सांगेल, की आपल्याकडे एका किलोवॅटला दिवसाला चारएक युनिट मिळतात, तर लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे मिळून वर्षाला किती लागतात ते आधी बघू. याला ताबडतोब उपसमितीत घ्या. उपसमितीत गेलेला माणूस वर्ष-दोन वर्षं बोलत नाही. तोवर तीन कोटेशनं मागवा, प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी द्या, आणि 'हरित सोसायटी' असा फलक गेटवर लावून त्यावर रात्रभर हॅलोजन सोडा.

पहिल्या मजल्यावरचे आजोबा तरीही पिच्छा सोडणार नाहीत. मेंटेनन्समधला विजेचा आकडा कधी कमी होणार, असं ते दर महिन्याला सेक्रेटरीला गाठून विचारतील. त्यांना आदराने खुर्ची द्या आणि समजावून सांगा, की आजोबा, देशाने नेट झिरोसाठी, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायला, २०७० साल ठरवलंय, आपली सोसायटी देशाच्या पुढे कशी जाणार?